महापूर ओसरल्यावर: चर्चच्या मंडळीने मदतकार्य कसे करावे

कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे महापूर पाहिले. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवले. अशा वेळी ख्रिस्ती मंडळ्या मदतीला धावतात आणि धावायलाच हवे. पण बहुतेक ठिकाणी सामान आधी गोळा होते आणि यादी मागाहून. मग बिस्किटांचे खोके पडून राहतात आणि गावाच्या टोकाच्या वस्तीला ताडपत्रीही मिळत नाही. ट्रक ठरवण्याआधी यादी हवी. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

पाणी चढत असताना

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी हे आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. पातळी इशाऱ्याला लागली की उंचावरच्या चर्चने हॉल उघडावा, धोक्याची वाट पाहू नये. लोक रात्री बाहेर पडायला तयार होत नाहीत आणि पाणी मात्र रात्रीही अंगणात येते.

बोटीतून माणसे काढणे हे एनडीआरएफचे (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे) आणि प्रशासनाचे काम. चर्चच्या तरुण संघातली मुले कितीही पोहणारी असोत, त्यांना प्रवाहात उतरू देऊ नका. ऑगस्ट २०१९मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. काठावर थांबून कोण बाहेर आले, कोण अजून घरात आहे याची नोंद ठेवणे हे काम मंडळीला जमते आणि त्याचा बचाव पथकाला खरा उपयोग होतो.

हॉलमध्ये किती माणसे मावतील हे आधीच मोजून ठेवा. आंतरराष्ट्रीय मानक माणशी साडेतीन चौरस मीटर जागा सांगते. ४० बाय २५ फुटांचा हॉल म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, म्हणजे २६ माणसे. पहिल्या दोन रात्री त्यात ५०-६० माणसे दाटीवाटीने झोपतील, पण आठवडा काढायचा असेल तर अर्ध्यांची सोय शाळेत करा. शौचालय सुरुवातीला ५० माणसांमागे एक तरी हवे, मुक्काम वाढला तर २० माणसांमागे एक. बायकांचे वेगळे, दाराला आतून कडी आणि वाटेवर रात्रभर दिवा. एवढे नसेल तर बायका रात्री पाणी पीत नाहीत आणि दोन-तीन दिवसांत लघवीची जळजळ घेऊन डॉक्टरकडे येतात.

जनावरांचा विचार पहिल्याच दिवशी करा. म्हैस गोठ्यात असेल तर घरधनी हॉलवर येत नाही. कंपाउंडमध्ये दावणीला जागा आणि चाऱ्याची सोय असेल तरच माणसे वेळेत बाहेर पडतात.

सर्वेक्षण: घर नव्हे, चूल मोजा

पाणी उतरल्यावर दोन दिवसांत वस्ती फिरून घ्या. दोघांची जोडी, त्यात एक बाई असायलाच हवी. सोबत आशा सेविका किंवा अंगणवाडी सेविका घ्या, कारण कुठल्या घरात बाळंतीण आहे, कोणाचे डायलिसिस चालू आहे हे तिला तोंडपाठ असते. तलाठी आणि ग्रामसेवकांना भेटून सरकारी मदत कुठवर आली आहे ते विचारा. दुसरी संस्था त्याच गावात असेल तर वाड्या वाटून घ्या. ‘कासा’ ही चर्चची मदतसंस्था १९४७ साली फाळणीच्या निर्वासितांसाठी उभी राहिली, तर ‘कॅरिटास इंडिया’ १९६२ सालापासून कॅथलिक धर्मप्रांतांमार्फत काम करते. त्यांच्यासारख्या मोठ्या संस्थांना स्थानिक मंडळीची पक्की यादी फार मोलाची असते.

नोंद रेशनकार्डावरून करू नका. एका छपराखाली तीन भावांच्या तीन चुली असतात आणि कार्ड मात्र वडिलांच्या नावावर एकच. प्रत्येक चुलीसाठी इतके लिहा: कुटुंबप्रमुख आणि घरातल्या बाईचे नाव, माणसे किती, पाच वर्षांखालची मुले, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, अपंग, अंथरुणाला खिळलेले, घर स्वतःचे की भाड्याचे, पाणी किती फूट चढले आणि किती दिवस राहिले, भिंत पडली का, जनावरे किती गेली, कमाईचे साधन काय आणि त्याचे काय झाले. पाण्याचे दिवस नेमके लिहा, पुढे नुकसानीचे दावे करताना हा रकाना उपयोगी पडतो.

मग तीन गट पाडा. ‘अ’ म्हणजे घर पडले किंवा राहण्यासारखे नाही. ‘ब’ म्हणजे घर उभे आहे पण धान्य, अंथरूण, भांडी गेली. ‘क’ म्हणजे पाणी अंगणापर्यंत आले, रोजगार बुडाला. पहिल्या फेरीत ‘अ’ आणि ‘ब’ घ्या.

यादीतून कायम तीच माणसे सुटतात. भाडेकरू सुटतो, कारण पंचनामा घरमालकाच्या नावाने होतो. वाट्याने शेती करणारा सुटतो, कारण सातबारा दुसऱ्याचा. एकटी राहणारी म्हातारी सुटते, कारण ती मुलाच्या कार्डावर असते आणि मुलगा पुण्यात. परप्रांतीय मजूर सुटतात, कारण त्यांना कोणी ओळखत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्त्या सुटतात, कारण गाडी चौकातच रिकामी होते. फिरायला सुरुवात वस्तीच्या शेवटच्या घरापासून करा आणि चौकात सर्वांत शेवटी या.

इथे मंडळीत एक वाद हटकून निघतो: आपल्या विश्वासी कुटुंबांना आधी द्यायचे की नाही? काही जण गलतीकरांस पत्र, अध्याय ६, वचन १० पुढे करतात, कारण त्यात विश्वासाच्या घराण्याचा खास उल्लेख आहे. पण त्याच वचनात आधी सर्वांचे बरे करायला सांगितले आहे. कामापुरता नियम एकच ठेवा: सभासद असो वा नसो, नाव त्याच यादीत, त्याच गटात आणि त्याच क्रमाने. मंडळीला आपल्या सभासदांसाठी जास्तीचे काही करायचे असेल तर ते रविवारच्या अर्पणातून वेगळे, वेगळ्या हिशेबाने करावे. पूरनिधीसाठी आलेल्या पैशाला या कारणाने हात लावू नये. पाळकसाहेबांच्या किंवा वडीलजनांच्या नातलगांचे नाव यादीत असेल तर त्याची तपासणी दुसऱ्या गावच्या माणसाने करावी.

शिधा: वजन आणि हिशेब

पहिल्या दोन-तीन दिवसांत चूल पेटत नाही. सरपण भिजलेले, सिलिंडर वाहून गेलेला किंवा गाळात रुतलेला. तेव्हा कोरडा शिधा देऊन उपयोग नाही. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, चिवडा द्या किंवा सामूहिक स्वयंपाक करा. १०० माणसांच्या एका वेळच्या खिचडीला ९ किलो तांदूळ, ३ किलो मूगडाळ, १ लिटर तेल आणि साधारण ३०० ग्रॅम मीठ लागते. शिजल्यापासून चार तासांच्या आत ती पोटात गेली पाहिजे. गरम खिचडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की आतल्या वाफेने ती दुपारपर्यंत आंबते. म्हणून सकाळी नऊला बांधून तीनला पोचवण्यापेक्षा पातेली गाडीत घालून वस्तीत न्या आणि तिथेच वाढा. खोबरे, दही, बटाट्याची भाजी या दिवसांत नको.

चूल लागली की पाच माणसांच्या कुटुंबाला सात दिवसांचा शिधा द्या. माणशी रोज २१०० उष्मांक धरले तर सात दिवसांचे ७३,५०० होतात. त्यासाठी तांदूळ ८ किलो, गव्हाचे पीठ ७ किलो, तूरडाळ २ किलो, शेंगदाणे १ किलो, साखर १ किलो आणि तेल १ लिटर पुरते. वर मीठ १ किलो, चहा पाव किलो, हळद १०० ग्रॅम, कांदा-लसूण मसाला २०० ग्रॅम आणि काडेपेट्यांचा एक पुडा. हे सगळे मिळून २१-२२ किलो भरते. एकाच पोत्यात भरले तर साठीच्या बाईला उचलत नाही, म्हणून दोन पिशव्या करा. कुटुंबात आठ माणसे असतील तर दीड पट द्या. ‘घराला एक किट’ म्हटले की मोठ्या घरातली मुले अर्धपोटी राहतात.

गहू देऊ नका, पीठ द्या. वीज नाही म्हणजे गिरणी बंद. या भागात भाकरी हवी असते हे खरे, पण ज्वारीचे दळलेले पीठ पावसाळी दमटपणात लवकर कडू होते. गिरण्या सुरू झाल्यावर दुसऱ्या फेरीत ज्वारी द्यावी. तेल बाटलीतले घ्या. पाऊच फुटतो आणि सगळ्या पिठाला तेल लागते. माल रास्त भावाने जवळच्या न बुडालेल्या बाजारपेठेतून उचला. त्याने वाहतूक वाचते आणि तिथल्या व्यापाऱ्याचा धंदाही चालू राहतो. ‘छोटा हत्ती’ टेम्पोत साधारण ३५ किट नीट बसतात. त्यावर भरले तर ओल्या कच्च्या रस्त्यावर गाडी अडकते.

एक गोष्ट कोणी देऊ केली तरी घेऊ नका: तान्ह्या बाळांची दूध पावडर आणि दुधाच्या बाटल्या. घाण पाण्यात कालवलेले दूध बाळाला जुलाब लावते आणि आईचे अंगावरचे दूधही कमी होते. त्याऐवजी त्या आईला जास्तीचे खाणे आणि पाजायला आडोसा द्या. आई नसलेल्या बाळाचा प्रश्न असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून सल्ला घ्या.

पाणी

बाटलीबंद पाणी पहिल्या एक-दोन दिवसांपुरते ठीक आहे. पाच जणांच्या घराला नुसते प्यायला रोज १५ लिटर लागते. शंभर घरांना दीड हजार बाटल्या रोज कोण आणणार, आणि रिकाम्या बाटल्या शेवटी गटारातच जातात. टँकर आणि नळ लावलेली प्लास्टिकची टाकी हा खरा मार्ग. पिणे, स्वयंपाक आणि धुणी-अंघोळ धरून माणशी रोज १५ लिटर, म्हणजे १०,००० लिटरचा टँकर साधारण ६५० माणसांना पुरतो. एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसे नकोत. प्रत्येक घराला झाकणाची दोन भांडी द्या, एक पाणी आणायला आणि एक साठवायला. एकाच भांड्यात हात बुडत राहिला तर शुद्ध केलेले पाणीही घाण होते.

विहीर पुरात बुडाली असेल तर आधी उपसा, मग गाळ काढा, मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका. हे काम ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला सोबत घेऊनच करा. विहिरीतले पाणी मोजायची रीत सोपी आहे: व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ने गुणा आणि ४ने भागा. आलेला आकडा हजार लिटरमध्ये असतो. ५ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर ७८.५, म्हणजे ७८,५०० लिटर. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली तर साधारण २०० ग्रॅम लागेल. हा नेहमीच्या विहिरीचा हिशेब झाला. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीला बहुधा जास्त लागते.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळा आणि पाच-दहा मिनिटे निवळू द्या. खाली चुन्याचा साका बसतो. तो बाहेर टाकायचा आणि वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन, ती दोरीने विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली जोरात हलवायची. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात उरलेले क्लोरीन रंगावरून दाखवणारी चाचणी) करा. रंग नीट आला नाही तर पुन्हा मात्रा द्यायची. नळाच्या टोकाला पाणी तपासताना लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे. टेस्ट करूनही रंग येतच नाही असे झाले तर बहुतेकदा पावडर जुनी असते. पोते उघडे राहिले, दमट जागी पडले की तिची ताकद उडते.

घरोघरी क्लोरीनच्या गोळ्या देताना कोणती गोळी किती लिटरला हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहून द्या आणि एकदा करून दाखवा. अर्ध्या ग्रॅमची गोळी २० लिटरला असते, पण बाजारात इतर मापांच्याही येतात. पाणी गढूळ असेल तर गोळी काम करत नाही. आधी तुरटी फिरवून निवळू द्या, चौपदरी फडक्याने गाळा, मग गोळी टाका आणि अर्धा तास थांबा.

जुलाबासाठी ओआरएस (जलसंजीवनी) घराघरात पोचले पाहिजे. इथेही घोटाळा होतो: मोठे पाकीट एक लिटर पाण्याचे, छोटे पाकीट २०० मिलिलिटरचे. छोटे पाकीट लिटरभर पाण्यात घातले तर उपयोग होत नाही आणि मोठे पाकीट पेल्यात घातले तर बाळाला अपाय होतो. एकाच मापाची पाकिटे वाटा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

गाळ काढणे

पैशापेक्षा हातांची गरज असते ती इथे. तरुण संघाची खरी किंमत या कामात दिसते. पण फावडे लावण्याआधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेले धान्य, फुगलेले कपाट, बंद पडलेले मशीन, आणि फोटोत घरधनी उभा. पंचनामा होण्याआधी घर धुऊन टाकले तर नुकसान दाखवायला काही उरत नाही. पंचनामा लांबला असेल तर तलाठ्याला फोटो दाखवून मगच सामान बाहेर टाका.

घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद आहे ना ते बघा आणि महावितरणच्या वायरमनने सांगेपर्यंत चालू करू नका. मातीच्या भिंतीचे घर पुष्कळदा पाण्यात असेपर्यंत उभे राहते आणि पाणी उतरल्यावर, कधी कधी ऊन पडल्यानंतर दोन-तीन दिवसांनी कोसळते. भिंतीला नवी तिरपी भेग, फुगवटा किंवा सरकलेली तुळई दिसली तर आत कोणीही जायचे नाही. चार दिवस थांबले तरी चालेल. गोठा, कडब्याची गंजी, कपाटाखालची जागा इथे साप असतात. आधी काठीने ठोकून बघायचे, हात घालायचा नाही.

पाच घरांच्या एका गटाला तीन फावडी, सहा घमेली, तीन खराटे, दोन वायपर, दोन बादल्या, एक टिकाव आणि प्रत्येकाला गमबूट व रबरी हातमोजे लागतात. उघड्या पायांनी गाळात उतरल्याने लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होऊ शकतो. जखम असलेल्याने उतरूच नये. लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या, एकमेकांत वाटायच्या नाहीत.

गाळ ओला असतानाच काढा. वाळला की टिकावाशिवाय हलत नाही. आतल्या खोलीतून दाराकडे ओढत यायचे, काढलेला गाळ गटारात नाही तर ग्रामपंचायतीने दाखवलेल्या जागी टाकायचा. फरशी पाण्याने धुतल्यावर १० लिटर पाण्यात १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून पुसून घ्या, दहा मिनिटे राहू द्या, मग साध्या पाण्याने धुवा. या पाण्यात अॅसिड किंवा संडास साफ करायचे द्रव कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवा.

भिजलेले कागद फेकू देऊ नका. आधार, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, दाखले, कर्जाची कागदपत्रे एकेक सोडवून मध्ये कोरा कागद घालून सावलीत वाळवा. इस्त्री फिरवली की शाई पसरते. घरटी एक झिपची प्लास्टिक पिशवी द्या. ज्यांचे कागद गेलेच, त्यांचे अर्ज भरायला मंडळीतले लिहिणारे दोन जण आठवडाभर एका टेबलावर बसले तर ती मदत कुठल्याही किटपेक्षा मोठी ठरते.

वाटप

आदल्या दिवशी घरोघर जाऊन यादीप्रमाणे कुपन द्या. त्यावर क्रमांक, नाव, वेळ आणि ठिकाण हवे. गाडीवर उभे राहून वाटप कधीही करू नका. धक्काबुक्की होते, तगडी माणसे दोनदा घेतात आणि म्हाताऱ्या रिकाम्या हाताने परततात. एका टेबलावर एका कुटुंबाला दोन मिनिटे धरली तर दोन टेबलांवर तासाला ६० कुटुंबे होतात. २०० कुटुंबांना साडेतीन तास लागतील, म्हणून तासातासाच्या तुकड्यांनी बोलवा. सावली, पाणी, बसायला सतरंजी. गरोदर, अपंग आणि वृद्धांना रांगेत उभे करू नका, त्यांचे किट घरी पोचवा. किटमध्ये काय आणि किती आहे हे फळ्यावर लिहून तिथेच टांगा, खाली तक्रारीसाठी फोन नंबर. तक्रार घेणारा माणूस वाटप करणारा नसावा.

जागा चर्चची नको, शाळेचे मैदान किंवा समाजमंदिर बरे. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात वाटप ठेवले तर गावाला वाटते की आत बसल्याशिवाय मिळणार नाही. कोणी तसे बोलून दाखवत नाही, पण गरजू बाई घरीच राहते. किटमध्ये पत्रके, शुभवर्तमानाच्या पुस्तिका घालू नका. वाटपाच्या रांगेपुढे प्रार्थना घेऊ नका. रेडक्रॉस आणि सेवाभावी संस्थांच्या १९९४च्या आचारसंहितेत हे स्पष्ट आहे: मदत गरजेवरून ठरेल, धर्मावरून नाही, आणि तिचा वापर कोणताही धार्मिक विचार पुढे नेण्यासाठी होणार नाही. चर्चच्या संस्थाही ती पाळतात. संकटात सापडलेल्या माणसाला नाही म्हणण्याची मोकळीक नसते, म्हणून त्याच्यापुढे अट तर सोडाच, अटीचा भासही उभा राहू नये. एखाद्या घरात कोणी आपणहून प्रार्थना करायला सांगितली तर त्या घरात बसून, शांतपणे करा.

फोटोचेही तसेच. पिशवी घेताना मान खाली घातलेल्या बाईचा फोटो देणगीदाराला पाठवायचा नसतो. मालाची थप्पी, फळा, सह्यांचा कागद यांचे फोटो हिशेबाला पुरतात. लहान मुलांसोबत स्वयंसेवकाने एकटे राहू नये, हा नियम सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगा.

अंथरूण-पांघरूण, चटई, मच्छरदाणी आणि १२ बाय १८ फुटांची ताडपत्री व दोर ‘अ’ गटाला लगेच लागतात. साबण माणशी महिन्याला अंघोळीचा पाव किलो आणि कपड्यांचा २०० ग्रॅम. सॅनिटरी पॅडचे वाटप महिला मंडळाने करावे आणि आधी विचारावे, कारण काही बायका सुती कापड वापरतात. सोबत नवी अंतर्वस्त्रे हवीतच. वापरलेले कपडे घेऊ नका, कितीही प्रेमाने कोणी देवो. ते निवडायला दहा माणसे अडकतात आणि शेवटी ढीग रस्त्याकडेला पावसात कुजतो. त्याऐवजी बाईला दोन साड्या, परकर आणि शिवलेला किंवा शिवायला पैसे दिलेला ब्लाउज. नुसती साडी दिली तर ती नेसणार कशी?

पैसा

पूरनिधीचे बँक खाते वेगळे, सह्या दोघांच्या, प्रत्येक रुपयाची पावती. २००० रुपयांवर रोख देणगी दिली तर देणगीदाराला आयकराची सवलत मिळत नाही, त्यामुळे मोठ्या रकमा चेकने किंवा ऑनलाइन घ्या.

परदेशातून पैसे येणार असतील तर नीट बघा. परदेशात राहणारा भारतीय पासपोर्टधारक आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देत असेल तर ते विदेशी योगदान धरले जात नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, मग त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड का असेना, त्याची देणगी विदेशी योगदानच ठरते. ती फक्त एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेला, दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येते. आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ती संस्था हे पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणजे मुंबईच्या नोंदणीकृत संस्थेने घेऊन गावच्या मंडळीला पाठवायचे, हा जुना मार्ग बंद आहे. चांगल्या हेतूने केलेली चूकही इथे संस्थेची नोंदणी घालवू शकते.

गाड्या यायच्या थांबतात तेव्हा

तीन आठवड्यांनी ट्रक थांबतात. बाहेरच्या संस्था निघून जातात. मंडळी मात्र त्याच गावात असते, आणि म्हणून तिने निम्मा तरी निधी या काळासाठी राखून ठेवावा. पोंग्यात (शेंड्यात) गाळ गेलेला ऊस हळूहळू कुजतो, शेतमजुराला काम नसते आणि बचत गटाचा किंवा फायनान्सचा हप्ता मात्र दारात येतो. या टप्प्यावर पुन्हा त्याच यादीतल्या घरांत जा आणि एकच प्रश्न विचारा: कमाई सुरू व्हायला नेमके काय अडले आहे? कोणाचे शिलाई मशीन, कोणाचा वजनकाटा आणि हातगाडीची चाके, कोणाची शेळी, सलूनवाल्याची खुर्ची, मुलाची वह्या-पुस्तके. वस्तू दुकानदाराकडून घ्यायला लावून बिल मंडळीने भरावे. मशीन दुरुस्त होत असेल तर नवे घेऊ नका, एकाच्या खर्चात तीन घरे होतात.

ज्यांच्या घरात माणूस गेला आहे तिथे नियमाने जात राहा. सुरुवातीला माणसे गर्दी करतात, दिवाळी-नाताळच्या सुमाराला कोणी फिरकत नाही. झोप लागत नाही, पावसाचा आवाज आला की मुले रडतात, घरधनी दारूकडे वळतो: हे दिसले तर आरोग्य केंद्राच्या समुपदेशकाशी गाठ घालून द्या. ‘देवाची इच्छा’ असे म्हणून दुःख झाकू नका. ऐकून घ्या.

निधी संपला की जमाखर्च चर्चच्या फलकावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, यादीतली नावे वगळून. उरलेल्या ताडपत्र्या वाळवून, घडीत कडुनिंबाचा पाला घालून उंचावर ठेवा. फावडी-घमेली धुऊन तेल लावून ठेवा. पावडर आणि गोळ्या ठेवू नका, पुढच्या वर्षी ताज्या घ्या. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यादी घेऊन पुन्हा एकदा वस्ती फिरा: कोण भाडेकरू बदलला, कोणाला बाळ झाले, कोण अंथरुणाला खिळले. हॉलच्या किल्ल्या कोणा दोघांकडे आहेत ते पोलीस पाटलांना कळवा.